विमानतळावरचं क्रॅश फायर ट्रेनिंग, आणि विमान कुंपणाबाहेर पडलं तर?

क्रॅशबेल:
नमस्कार मंडळी. मी एका विमानतळाच्या फायर सर्व्हिसमधे नोकरीला आहे, कुठल्या ते लिहीत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं तेव्हापासून घरचे, सोसायटीतले, गावाकडचे सगळे एकच विचारतात की विमान काही रोज पडत नाही, मग तुम्ही दिवसभर करता काय? उत्तर मोठं आहे, तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. शिवाय या ट्रेनिंगमधली एक उणीव मला गेली काही वर्षं छळतेय, तीही मांडायचीय.

आधी घड्याळ. टॉवरकडून क्रॅशचा कॉल आला की धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पहिली गाडी पोचून फोम मारायला लागली पाहिजे, ३ मिनिटांच्या आत, जमलं तर २. आयसीएओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स १४ मधे हे लिहिलेलं आहे आणि जगभर तेच धरून चालतात (हवा स्वच्छ आणि धावपट्टी कोरडी असताना, हे त्यात आहेच). तीनच मिनिटं का, तर विमानाच्या पोटाखाली सांडलेलं इंधन पेटलं की ॲल्युमिनियमचा पत्रा मिनिट-दोन मिनिटांतच वितळू शकतो आणि आग केबिनमधे शिरते, आणि माणसं आगीच्या आधी धुराने जातात.

म्हणून आमची सीएफटी म्हणजे क्रॅश फायर टेंडर ही शहरातल्या बंबापेक्षा वेगळी चीज आहे. साडेचार हजार लिटरच्या वरची गाडी पाणी भरलेलं असताना ४० सेकंदांत ८० चा वेग घेऊ शकली पाहिजे आणि चालता चालता वरच्या मॉनिटरमधून म्हणजे तोफेसारख्या नळीतून फोम मारता आला पाहिजे. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यावरून विमानतळाची कॅटेगरी ठरते, १ ते १०. एअरबस ३२० सहात बसतं, बोइंग ७३७-८०० सातात. कॅटेगरी ७ ला दोन गाड्या आणि लेव्हल बी (फोमच्या क्षमतेची एक प्रत) फोम असेल तर १२,१०० लिटर पाणी लागतं, कॅटेगरी १० ला तीन गाड्या आणि ३२,३०० लिटर. एखादी गाडी नादुरुस्त झाली आणि बदली नसली तर विमानतळाची कॅटेगरी खाली आणून तसं वैमानिकांना कळवावं लागतं, इतकं ते काटेकोर असतं.

आता ट्रेनिंग. नवीन पोरगा येतो त्याला वाटतं आग विझवायला शिकवणार. पहिलं शिकवतात ते हे की माणसं बाहेर यायची वाट आधी वाचवायची. वारा पाठीवर घेऊन यायचं, धडावर फोम टाकून ते थंड ठेवायचं, ज्या बाजूने लोक उतरतायत तिथली आग आधी मागे ढकलायची, इंजिन चालू असेल तर पुढून खेचलं जायचा आणि मागून भाजायचा धोका, तापलेल्या चाकांकडे बाजूने कधीच जायचं नाही, पुढून किंवा मागून जायचं कारण फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. बीए सेट म्हणजे श्वासासाठीचा मास्क आणि हवेचं सिलेंडर घालून डोळ्यासमोर काही दिसत नसताना केबिनच्या मॉडेलमधे सीट मोजत मोजत रांगायचं. ६० किलोचा डमी खांद्यावर घेऊन पळायचं. दाराचं हँडल प्रत्येक विमानाचं वेगळं, ते हाताला पाठ करायचं.

आणि उणीव ही, की हे सगळं आम्ही शिकतो, कुंपणाच्या आतले. अहमदाबादचं विमान उड्डाणानंतर मिनिटाच्या आत मेघाणीनगरात मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर पडलं, ५० टनांहून जास्त इंधन घेऊन. विमानातले २४२ पैकी २४१ गेले आणि जमिनीवरचे १९. तिथे पहिले पोचणार ते शहराचे बंब, पोलिस, रहिवासी. त्यांना कोण शिकवतं? माझं म्हणणं एवढंच आहे की विमानतळापासून काही किलोमीटरच्या टप्प्यातल्या प्रत्येक महापालिका-नगरपालिकेच्या फायर स्टेशनला विमानाची ओळख आणि हॉट ड्रिल म्हणजे खरी आग लावून केलेला सराव सक्तीचा पाहिजे, आमच्याबरोबर, आमच्याच रिगवर (सरावासाठीच्या विमानाच्या सांगाड्यावर). तुम्हाला काय वाटतं लिहा.

—

भरतीचा_अभ्यास:
दादा खूप छान माहिती. मी बारावी झालोय आणि एअरपोर्ट ॲथॉरिटीच्या ज्युनियर असिस्टंट फायरची तयारी करतोय. हेवी लायसन्स आहे. फिजिकलला काय काय असतं आणि ट्रेनिंग कुठे होतं ते सांगाल का प्लीज.

—

क्रॅशबेल:
@भरतीचा_अभ्यास, धावणं, कॅज्युअल्टी कॅरी म्हणजे माणूस उचलून नेणं, दोर चढणं, पोल चढणं, शिडी. जाहिरात निघेल तेव्हा तीच नीट वाच, अटी बदलतात. ॲथॉरिटीची फायर ट्रेनिंग सेंटर दिल्ली आणि कोलकात्याला आहेत. पळायची तयारी सगळे करतात, दोरावर पोरं गळतात, तेव्हा हाताची पकड आत्तापासून वाढव. आणि उंचीची किंवा बंद जागेची भीती आहे का ते स्वतःला आधीच तपासून बघ, कारण बीए सेट घालून धुराच्या खोलीत पहिल्यांदा सोडतात तेव्हा चांगली दणकट पोरं मास्क ओढून काढायला बघतात. त्यात लाज नाही, सरावाने जाते, पण माहीत असलेलं बरं.

—

निवृत्त_हवाईदल:
धागाकर्त्यांचं अभिनंदन. मी हवाई दलात होतो, बराचसा काळ क्रॅश क्रूच्या जवळ काम केलं. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, दाबोळी नौदलाची आयएनएस हंसा आहे, हे बऱ्याच प्रवाशांच्या लक्षात येत नाही. अशा तळावर क्रूला दोन्ही शिकावं लागतं. सुखोईसारखं लढाऊ विमान असेल तर आगीच्या आधी इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला स्फोटाने विमानाबाहेर फेकणारी सीट. सीटची सेफ्टी पिन लावल्याशिवाय वैमानिकाला हात लावायला गेलात आणि चुकून हँडल ओढलं गेलं तर वाचवणारा आणि वाचणारा दोघेही जातील. कॅनॉपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण बाहेरून कसं उडवायचं, त्या वेळी कुठे उभं राहायचं नाही, पट्टे कुठल्या क्रमाने सोडायचे, हे अंधारात करून घेत असत. आणि मग त्याच शिफ्टमधे १८० माणसांचं प्रवासी विमान उतरतं, तिथे सगळं वेगळं.

दाबोळीला २७ डिसेंबर २०१६ ला जेटचं ७३७ उड्डाण घेताना धावपट्टीवरून घसरून गरकन फिरलं होतं, १६१ माणसं होती, सगळी बाहेर आली, काही जखमी झाली. आग लागली नाही. पण पहाटेच्या अंधारात, चिखलात, घाबरलेली माणसं इकडेतिकडे पळत असताना गाड्या कशा आणायच्या हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे.

—

क्रॅशबेल:
काका, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला आशियानाचं ७७७ आपटलं त्यात तीन जण गेले, त्यातली एक १६ वर्षांची मुलगी विमानाबाहेर जमिनीवर पडली होती, तिच्यावर फोमचा थर बसला आणि बचावाच्याच गाड्यांखाली ती आली. अमेरिकेच्या चौकशीत हेही निघालं की आग विझवायच्या कामाची सूत्रं ज्या अधिकाऱ्याकडे दिली गेली त्याचं विमानाच्या आगीचं ट्रेनिंगच झालेलं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को हं, पैसा नाही गाड्या नाहीत असं काही नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडेही शिकवताना यावर जोर असतो, की फोम पडलेल्या जागेत गाडी हलवायची तर पुढे पायी चालणारा माणूस पाहिजे, थर्मल कॅमेरा वापरायचा, आणि पडलेलं माणूस जिवंत नाही असं गाडीत बसून कुणी ठरवायचं नाही.

—

जागरूक_करदाता:
लेख माहितीपूर्ण आहे पण एक अप्रिय प्रश्न विचारतो. आपल्याकडे छोटे छोटे विमानतळ झालेत, काही ठिकाणी दिवसाला दोन-चार विमानं, तीही कधी येतात कधी नाही. तिथे दोन सीएफटी, तीन शिफ्टचा स्टाफ, वर तुम्ही म्हणता आजूबाजूच्या नगरपालिकांनाही शिकवा. ज्या नगरपालिकेकडे धड एक बंब चालू नाही तिच्या जवानाला बोइंगचं दार शिकवायचं हे मला प्राधान्यक्रम चुकल्यासारखं वाटतं. त्याच पैशात महामार्गावरच्या अपघातांसाठी कटर घेतले तर जास्त जीव वाचतील.

—

तिसरी_पाळी:
@जागरूक_करदाता, मी महापालिकेच्या फायर ब्रिगेडमधे आहे, विमानतळ असलेल्या शहरात, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं समजतो. तुमचा कटरचा मुद्दा बरोबर आहे, कटर पाहिजेतच. पण दोन्ही शिकणारा माणूस एकच आहे हो. धातू कापणं, माणूस अडकलेला असताना त्याच्या मानेला धक्का न लावता काढणं, इंधन गळत असताना ठिणगी न पाडणं, हे बसमधे लागतं तेच विमानात लागतं. जो शिकेल तो घाटात पण वापरेल.

आता माझा अनुभव. आमच्या कोर्समधे शिडी, होज, सिलेंडर, विहिरीतला रेस्क्यू, उंच इमारत, केमिकल सगळं झालं. विमान हा विषय एका लेक्चरच्या शेवटी आला आणि वेळ संपली. दरवेळी विमानतळावर मॉकड्रिल असतं तेव्हा आमची गाडी बोलावतात, आम्ही आरव्हीपीला म्हणजे गाड्या जमायच्या ठरलेल्या जागी गेटजवळ जाऊन उभे राहतो, रजिस्टरवर सही होते, चहा होतो, परत. विमानाला हात लावलेला नाही आजवर. पंख कुठे कापायचा नाही, ऑक्सिजनचे सिलेंडर कुठे असतात, बॅटरी कुठे तोडायची, काही माहीत नाही. आमच्या बंबात पाणी असतं, फोमचे दोन-चार ड्रम असले तर नशीब.

२८ जून २०१८ ला घाटकोपरला भर वस्तीत चाचणीचं छोटं विमान पडलं, किंग एअर, विमानातले चार आणि रस्त्यावरचा एक असे पाच गेले. गल्ली बघितली असेल सगळ्यांनी टीव्हीवर. ते विमान बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर न पडता शेजारच्या घरांवर पडलं असतं तर? तिथे एअरपोर्टची पँथर (मोठी सीएफटी) गाडी जाऊच शकत नाही, वळणारच नाही. तिथे आम्हीच. क्रॅशबेलदादा तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला.

—

चिकलठाण्याचा:
+१. इतकं लांब कशाला जायचं, २६ एप्रिल १९९३ आठवा. औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७, धावपट्टी संपता संपता उचललं आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरून चाललेल्या ट्रकला त्याचं चाक आणि इंजिन लागलं. पुढे हाय टेन्शनच्या तारा, मग शेतात. ११८ पैकी ५५ गेले. म्हणजे ६३ जण वाचले, आणि हे सगळं कुंपणाबाहेर, काही किलोमीटरवर. आमच्या घरचे मोठे लोक अजून सांगतात की उन्हाळ्याचे दिवस, रान कोरडं, आजूबाजूच्या गावातले लोक धावत गेले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विमान कुंपणाबाहेर पडतं हे आपल्या मराठवाड्यात ३० वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

—

आकाशवेल:
मी केबिन क्रू आहे, बरीच वर्षं झाली. इथे आमची बाजू पण यावी म्हणून लिहिते. विमान बनवताना कंपनीला दाखवून द्यावं लागतं की अर्धे दरवाजे बंद असताना सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर येतात. आम्हालाही ट्रेनिंगमधे तेच ओरडून ओरडून शिकवतात, सामान सोडा, उडी मारा. दार उघडायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचं, आग दिसली तर ते दार बंदच ठेवायचं.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं, ते बघून आमच्या ग्रुपवर रात्रभर कुणी झोपलं नाही. तटरक्षक दलाच्या विमानातले सहापैकी पाच गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले, अनाउन्समेंट सिस्टीम बंद पडली तर क्रूने मेगाफोनवर आणि नुसत्या घशाने ओरडून सगळ्यांना काढलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत सुमारे १८ मिनिटं गेली. सगळे जिवंत. लोकांनी वरचं सामान काढलं नाही हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण असं माझं मत, आणि आपल्याकडच्या प्रवाशांनी हे मनावर घ्यावं म्हणून हात जोडते.

मला फायरवाल्या दादांना विचारायचंय, तुमचा फोमचा झोत आमच्या स्लाइडवर (दारातून फुगून बाहेर येणाऱ्या घसरगुंडीवर) पडला तर स्लाइड उलटते, माणसं घसरून पडतात. हे तुमच्या ट्रेनिंगमधे असतं का? आमचं आणि तुमचं ट्रेनिंग एकत्र का होत नाही?

—

क्रॅशबेल:
ताई, असतं. स्लाइडवर थेट मारायचं नाही, जमिनीवर पाडून पसरू द्यायचा, हे पहिल्या आठवड्यात सांगतात. पण तुम्ही म्हणता ते बरोबर, आम्ही स्लाइडवरून उतरणारी खरी माणसं कधी बघितलेली नसतात आणि तुम्ही खाली उभा असलेला चंदेरी सूटमधला माणूस बघितलेला नसतो. त्या सूटमधे आमचा चेहरा दिसत नाही, आवाज मास्कमधून येतो, लहान मुलं तर घाबरून परत वर पळायला बघतील. एकत्र ड्रिल व्हायलाच पाहिजे.

दारांचं एक सांगतो. बऱ्याच एअरबसमधे बाहेरून हँडल फिरवलं की स्लाइड आपोआप डिसआर्म होते, म्हणजे दार उघडलं तरी फुगत नाही. बोइंग ७३७ मधे तसं नाही, स्लाइड आर्म असताना बाहेरून दार ओढलं तर ती फुगून उघडणाऱ्याच्या अंगावर येते, शिडीवर असेल तर तो खाली. आपल्या आकाशात ही दोन्ही विमानं रोज उडतात. तिसरी_पाळीसारख्या जवानाला हे कुणी सांगितलेलं नसतं आणि तो शिडी लावून चढणार, कारण तो शूर आहे.

—

टीसाइडकर:
नमस्कार, मी इंग्लंडच्या ईशान्येला राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथे टीसाइड विमानतळाला लागूनच आंतरराष्ट्रीय फायर ट्रेनिंग सेंटर आहे, देशोदेशीचे विमानतळाचे फायरमन येतात. लोखंडी पत्र्याची मोठी मोठी विमानं उभी केलेली, त्यांना पेटवतात, विझवतात, परत पेटवतात.

इथल्या लोकांच्या मनात मँचेस्टर पक्कं बसलंय. २२ ऑगस्ट १९८५, ब्रिटिश एअरटूर्सचं ७३७ उड्डाणासाठी पळत असताना डाव्या इंजिनाचा तुकडा उडून पंखातली टाकी फोडतो. वैमानिकांना वाटलं टायर फुटला. थांबवलं, वळवून धावपट्टीबाहेर घेतलं, आणि वाऱ्याने आग नेमकी धडावर ढकलली. ५५ गेले, बहुतेक सगळे धुराने. वारा अगदी जोराचा पण नव्हता. त्यानंतर जमिनीवरच्या उजेडाच्या पट्ट्या, दरवाज्याजवळची जास्त मोकळी जागा, सीटच्या कापडाचे कडक नियम, हे सगळं आलं. ड्रिलमधे वाऱ्याला इतकं महत्त्व का ते यावरून कळेल.

—

निवृत्त_हवाईदल:
मँचेस्टर आलंच आहे तर रियाध पण यावं, कारण माझ्या मते ट्रेनिंग नसलं की काय होतं याचं याहून मोठं उदाहरण नाही. १९ ऑगस्ट १९८०, सौदियाचं ट्रायस्टार, मागच्या कार्गोत आग, विमान परत फिरून व्यवस्थित उतरलं. उतरलं म्हणजे जमिनीवर उभं आहे, तुटलेलं नाही, बाजूला गाड्या आहेत. आणि ३०१ पैकी एकही वाचला नाही. उतरल्यावर विमान लगेच थांबवलं नाही, थांबल्यावर इंजिनं तीन मिनिटांहून जास्त चालूच, त्यामुळे जवळ जाता येईना, आणि इंजिनं बंद झाल्यावर दार उघडायला सुमारे २३ मिनिटं लागली. बाहेरच्या क्रूला ते दार कसं उघडायचं हे ठाऊक नव्हतं. उमेदीच्या काळात हा अहवाल आम्हाला वाचून दाखवला गेला तेव्हा पूर्ण वर्ग गप्प होता.

आणि कोझिकोड. ७ ऑगस्ट २०२०, पाऊस, टेबलटॉप म्हणजे डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, विमान टोकावरून खाली गेलं, १९० पैकी २१ गेले, दोन्ही वैमानिक त्यात. कॅप्टन दीपक साठे आपलेच, हवाई दलातून गेलेले. आग लागली नाही हे नशीब. चौकशी अहवालात क्रॅश क्रूला त्या विमानाची पुरेशी ओळख नव्हती, वैमानिकांना बाहेर काढायला त्यामुळे उशीर झाला, असं स्पष्ट म्हटलंय. मँचेस्टरनंतर ३५ वर्षांनी, रियाधनंतर ४० वर्षांनी.

—

जागरूक_करदाता:
रियाधचं माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो. तिसरी_पाळी यांचा मुद्दा मान्य, शिकणारा माणूस एकच असतो. तरी खर्चाचं काय ते कुणीतरी नीट सांगा. हॉट ड्रिलचा रिग किती ठिकाणी बसवणार?

—

क्रॅशबेल:
@जागरूक_करदाता, रिग सगळीकडे नकोच. फिरता रिग असतो, ट्रेलरवर. शिवाय निम्मं ट्रेनिंग बिनआगीचं आहे. रात्री विमान पार्क असतं तेव्हा एअरलाइनची परवानगी घेऊन आठ-दहा जणांना आत न्यायचं, दार बाहेरून उघडून दाखवायचं, कार्गोचं दार, बॅटरी, ऑक्सिजन, कॉकपिटच्या खिडकीतून दोर कसा सुटतो, वैमानिकाची सीट मागे कशी सरकते. एका रात्रीचं काम, खर्च जवळपास शून्य. जुनं, भंगारात काढलेलं धड मिळालं तर सोनंच, ते कापून शिकता येतं. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, सांताक्रूझला राज्याची फायर अकादमी आहे, म्हणजे शिकवणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही.

रिगबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. हल्ली बहुतेक रिग गॅसवर चालतात, बटण दाबलं की आग लागते, सोडलं की विझते. सुरक्षित आहे, धूर कमी, दिवसात दहा वेळा करता येतं, नवशिक्याला उत्तम. पण गॅसची आग सांडलेल्या जेट ए-१ सारखी वागत नाही. खरं इंधन वाहतं, गटारात जातं, विझली वाटते आणि गुडघ्यामागून परत पेटते. वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने खऱ्या इंधनाची आग बघावी. पर्यावरणाचा प्रश्न आहे, तरी माझं मत हेच.

त्यातच फोम बदलतोय. जुन्या एएफएफएफ फोममधली फ्लोरिनची रसायनं पाण्यात-मातीत वर्षानुवर्षं राहतात म्हणून जगभर ती काढून बिनफ्लोरिनचा फोम येतोय. चांगलंच आहे, आमच्याच आरोग्याचा प्रश्न आहे. पण जुना फोम इंधनावर पातळ पडदा बनवून आपणहून पुढे सरकायचा, नव्याला तो पडदा नाही, थर नीट रचत न्यावा लागतो, घाईत फोडला तर आग परत. हातांना नव्याने शिकावं लागणार. नुसता ड्रम बदलून भागणार नाही.

—

डॉ_कॅज्युअल्टी:
उशिरा आले धाग्यावर. मी एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते आणि विमानतळाच्या मॉकड्रिलला आमची टीम जाते. दर दोन वर्षांत पूर्ण ड्रिल आणि मधल्या वर्षात छोटं, असा नियम आहे. स्पष्ट लिहिते, आमच्याकडच्या ड्रिलला तारीख, वेळ, विमान कुठे उभं असेल, जखमी किती, सगळं आधी माहीत असतं. कॉलेजची मुलं अंगावर लाल रंग लावून झोपलेली असतात आणि मोबाइलवर बघत असतात. लाल, पिवळी, हिरवी, काळी टॅग आम्ही शांतपणे बांधतो. खऱ्या अपघातात हिरवे म्हणजे चालते जखमी आधी पोचतात, स्वतःच्या पायाने, रिक्षाने, आणि सगळ्या खाटा अडवतात. लाल म्हणजे गंभीर जखमी मागून येतात. कोझिकोडला कोंडोट्टीच्या लोकांनी करोनाच्या दिवसांत, पावसात, स्वतःच्या गाड्यांतून जखमी नेले, त्यांना दंडवत. पण अशा वेळी रुग्णालयाच्या दारात टॅग नसलेले पेशंट एकदम येतात आणि कोण कुठे आहे ते नातेवाइकांना कळत नाही. म्हणून ट्रायाज म्हणजे जखमींची गंभीरतेनुसार वर्गवारी रुग्णालयाच्या दारात परत करायचा सराव पाहिजे. आणि जवळच्या एकाच रुग्णालयात सगळे नेऊ नका, हे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरपर्यंत पोचलं पाहिजे.

दुसरं. नवीन विमानांमधे कार्बन फायबर खूप आहे. जळल्यावर त्याचे बारीक तंतू हवेत असतात. शहरातला जवान, पोलिस, रुमाल बांधून ढिगाऱ्यात तासन्‌तास उभा असतो. किमान चांगला मास्क आणि हातमोजे गाडीत असावेत.

आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही. ढिगाऱ्यातून लहान मुलांचे मृतदेह काढलेली माणसं दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतात. त्यांच्याशी कुणी बोलायचं, कधी, हे ट्रेनिंगच्या कागदात असायलाच हवं. मी माझ्या वॉर्डात अशी माणसं बघितलीत, झोप गेलेली, दारू वाढलेली.

—

तिसरी_पाळी:
डॉक्टर मॅडम, तिसऱ्या मुद्द्यासाठी मनापासून आभार. आमच्यात हे बोलणं म्हणजे कमजोरी समजतात. मी आमच्या स्टेशन ऑफिसर साहेबांना धागा दाखवलाय. क्रॅशबेलदादा, रात्री पार्क केलेल्या विमानाची ओळख, यासाठी आमच्याकडून पत्र कुणाच्या नावे जायला पाहिजे?

—

क्रॅशबेल:
तुमच्या चीफ फायर ऑफिसरांकडून विमानतळाच्या संचालकांना, प्रत फायर प्रमुखांना. पत्रात विमानतळाच्या आणीबाणी योजनेचा उल्लेख करा, त्यात तुमच्या दलाचं नाव परस्पर मदतीच्या यादीत असतंच. शिवाय ग्रिड मॅप मागा. विमानतळ आणि आसपासचा परिसर चौकटींत आखलेला नकाशा असतो, टॉवर सांगतो अमुक चौकट, आम्हाला लगेच कळतं, पण तो नकाशा तुमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर नसेल तर तुम्ही पत्ता विचारत बसाल. आणि जवानांना एक गोष्ट आवर्जून सांगा, माणूस काढायला जे हलवावं लागेल ते हलवा, बाकी अवशेष जागचे हलवू नका, चौकशीला ते लागतात.

—

सड्यावरचा:
मी इथे फारसं लिहीत नाही. कोकणात सड्यावर विमानतळ झालाय, त्याच्या शेजारी आमचं गाव. कुंपणाला एक लोखंडी गेट आहे, कायम बंद, त्याच्या बाहेर आमच्या वाडीतली पोरं बाइक लावतात, पावसाआधी कोणी चिरे टाकतात, कोणी गवताच्या गंजी रचतात. ते गेट कशासाठी आहे ते आजवर कोणी सांगितलं नाही. तुमचं वाचून शंका आली म्हणून विचारतो.

—

क्रॅशबेल:
भाऊ, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही पण बहुतेक ते क्रॅश गेट असेल. विमान बाहेर पडलं तर आमच्या गाड्या तिथूनच निघणार, कुलूप उघडायला थांबत नाहीत, गेट तोडूनच जातात, तशीच ती बनवलेली असतात. बाहेर चिरे असतील तर ३० टनांची गाडी तिथेच अडकेल आणि बाइकवर कुणी बसलेलं असेल तर त्याच्या जिवावर बेतेल. ग्रामपंचायतीतर्फे विमानतळाला लिहा, ते गेट कसलं आहे ते विचारा, क्रॅश गेट असेल तर बाहेरच्या बाजूला बोर्ड लावायला आणि पुढच्या ड्रिलला गावातली चार-पाच माणसं बोलवायला सांगा. गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट गाडीच्या रुंदीची आहे का आणि पावसात चाक रुततं का, तेही बघून कळवा, मी फायरवाल्यांना काय विचारायचं ते सांगतो.

—

सड्यावरचा:
वाट आहे, पण मधे एक मोरी आहे, जुनी. तीस टन झेपेल असं वाटत नाही. सोमवारी सरपंचांना घेऊन बघून येतो आणि इथेच लिहितो.